मरळ लागंना झाली ते वरीस

माझं गाव गगनबावड्याच्या अलीकडं, घाटमाथ्यावर. नाव सांगून तुमास्नी कळायचं न्हाय, चार घरं आन् एक ओढा एवढंच गाव. मी शालन. आन् आधीच सांगतो, आमच्याकडं बायका बी मी आलो, मी गेलो असंच म्हणत्यात, तुमी पुण्याकडचं पावणं, हसू नका आन् लिवताना बदलू बी नका. तर त्या गावात पाऊस असा, की चुलीजवळ ठेवल्यालं लाकूड बी ओलं ते ओलंच. बा जंगलात रोजंदारीवर जायचा आन् आमी भावंडं ओढ्यात. दगडाखाली हात घालून खेकडी धरायची, चावला तर चावला. बारकी मासळी बुट्टीनं उपसायची. म्हंजे मासं धरणं मला नवीन नव्हतं, पर तो पोरखेळ. गळ टाकून दिवसभर एका जागी बसायचं, हे मी लगीन होईतोवर बघितलं बी नव्हतं. बसायला सवड कुणाला होती?

लगीन करून आलो ते मंगळवार पेठेत. दोन खोल्या, म्होरं नळ आन् नळावर भांडणं. आमचं मालक फौंड्रीत मोल्डर होतं. मोल्डर म्हंजे वाळूत साचा करायचा आन् त्यात वितळल्यालं लोखंड वतायचं. माणूस आडदांड, आन् आवाज असा, की काय सांगू तुम्हाला, भट्टीपाशी वरडून वरडून सवयच झाल्याली, घरात मीठ मागितलं तर शेजारच्या बाईनं आणून द्यावं. दारूचा नाद न्हाय, पत्त्याचा न्हाय, नाद एकच, मरळीचा. सुट्टी आली की काठी घ्यायची, तंगुसाचा, म्हंजे गळाच्या नायलॉन दोरीचा, गुंडाळा घ्यायचा, आन् इस्माईलभाईच्या रिक्षात बसून चाललं तळ्यावर. इस्माईलभाई म्हंजे मालकांचा दोस्त, रिक्षावाला, आमच्याच गल्लीतला. दोघं मिळून सकाळी जायचं ते दिवस मावळायला यायचं, अंगाला चिखलाचा वास, आन् आलं की मी आधी बोलून घ्यायचो, मग मासा घ्यायचो.

मरळ तुमी बघितली न्हाय? सापासारखं डोकं, अंगावर पट्टं, पाणगवतात दडून बसती आन् दुसऱ्या माशांस्नी खाती. रोहू-कटला काय, कणकीचा गोळा लावून कोणबी धरंल. मरळीला जिती बेडकी लागती. ती बेडकी गळाला लावून पाण्यावर अशी नाचवायची, की जणू आपली आपणच चाललीया. मरळीच्या मनात आलं तर झडप घालती, न्हायतर नाकाम्होरनं गेली तरी बघत न्हाय. मालक म्हणायचं, मरळ धरायला हात नको, बूड पायजे. बसता आलं पायजे.

मी तवा शाहूपुरीत एका खानावळीत भाकऱ्या थापायला जायचो. दुकानातली, हापिसातली माणसं दुपारी जेवायला यायची, आन् मी तीन चुलींच्या मधी. अजून बी झोपेत हात थापत्यात म्हणती लेक. ती आता इचलकरंजीत असती, तिचं लगीन झालं आन् त्याच्या दुसऱ्या वर्षी मालकांच्या अंगावरनं वारं गेलं. नव्वद सालानंतरची गोष्ट, नक्की साल नका इचारू. सकाळी उठून तोंड धुवायला गेलं आन् नळावरच बसलं. उजवा हात गेला, उजवा पाय अर्धा गेला, तोंड वाकडं झालं. दवाखान्यात ठेवलं, घरी आणलं. डॉक्टर म्हातारं होतं, चांगलं होतं, म्हणालं, बाई, यांची वाचा येणार, पर बोलायला लावा, जीभ फिरली पायजे, गप बसलं तर ती बसूनच जाईल.

आन् मालक गप बसलं. ज्या माणसाचा आवाज गल्लीत जायचा तो माणूस भिंतीकडं तोंड करून. मी बोलायचो, ते न्हाय. लेक येऊन रडून गेली, ते न्हाय. इस्माईलभाई रोज यायचं, गल्लीतल्या गमती सांगायचं, मी आत आन् ते भाईर, दोघं मिळून हसायचो, आन् मालक आपलं भिंतीकडं. मुकं माणूस घरात असणं काय असतंय ते ज्याच्या घरात हाय त्यालाच ठावं. कुकरची शिट्टी झाली की बरं वाटायचं, कायतरी बोललं म्हणून.

एक दिवस काय झालं, वाळत घालायची दोरी तुटली. मी कोपऱ्यातली मालकांची गळाची काठी घेतली, दोन खिळ्यांवर आडवी टाकली आन् तिच्यावर वलं लुगडं टाकाय लागलो. तर मागनं आवाज आला, न्हाय. मी वळून बघितलं. मालक भिंतीकडनं फिरलेलं. तोंडातनं लाळ आल्याली, पर बोललं, काठी, वाकल. काठी वाकंल म्हणायचं होतं. एवढ्या दिसांत पयला शब्द आन् तो काठीसाठी. मला राग बी आला, सांगतो की खरं. बायकोसाठी न्हाय, लेकीसाठी न्हाय, बांबूसाठी जीभ उचलली. पर रागात बी डोकं चाललं. मी लुगडं काढलं, काठी पुसली, म्हणालो, उद्या सुट्टी हाय मला, तळ्यावर जाऊया. ते म्हणालं, हात. म्हणालो, हात माझा, तोंड तुमचं.

कळंब्याच्या पुढं एक जुनं गावतळं होतं. इस्माईलभाईनं रिक्षात घातलं, मांडववाल्याकडनं लोखंडी खुर्ची मागून आणली, मालकांना बांधावर बसवलं. मी काठी घेऊन उभा. आता बघा, तळ्यावर सगळी बापय माणसं, आन् त्यात ही एक बाई कासोटा घालून. कोण खोकतंय, कोण हसतंय. एकजण म्हणाला, मावशी, धुणं तिकडच्या बाजूला धुत्यात. मी म्हणालो, धुतो की, तुझं बी आण.

बेडकी लावायला मला काय वाटलं न्हाय, ओढ्यातली पोरगी मी. पर टाकायला येईना. तंगूस गवतात अडकायचं, माझ्याच पदरात अडकायचं, एकदा तर इस्माईलभाईच्या टोपीत. आन् मालक सुरू झालं. न्हाय. तसं न्हाय. खाली. हळू. अगं हळू. गवताच्या कडंला. कडंला म्हंजे मधी न्हाय. दुपारपर्यंत मालक जेवढं बोललं तेवढं त्या आजारपणात सगळं मिळून बोललं नव्हतं. शब्द अर्धं, तोंडातल्या तोंडात, पर शिव्या मात्र नीट. मासा काय लागला न्हाय. रिकामी पिशवी घेऊन घरी आलो आन् मी त्या दिवशी देवाला नारळ फोडला.

मग दर सुट्टीला जायला लागलो. आन् दर सुट्टीला रिकामं यायला लागलो. पयल्यांदा मला त्याचं काय न्हाय, मी मासं धरायला गेलोच नव्हतो, मी बोलणं धरायला गेलतो. डॉक्टर म्हणालं, बाई, काय औषध देताय? मी म्हणालो, बेडकी. त्यांना कळलंच न्हाय.

पर पावणं, माणसाचं मन इचित्र असतंय. हिवाळा गेला, शिमगा गेला, उन्हाळ्यात तळं निम्मं आटलं, तेवढ्याच पाण्यात सगळ्या मरळी कोंडलेल्या, पलीकडच्या कडंला इस्माईलभाईला लागायच्या, त्या धुणं म्हणणाऱ्या गड्याला लागायच्या, आमच्या बेडकीला कोण इचारत न्हाय. आमच्या म्होरं बुळुक करून वर यायची, मरळीला हवा घ्यायला वर यावं लागतंय न्हवं, तसं तोंड काढायची, आमच्याकडं बघायची आन् जायची खाली. मग मला बी लागलं. खानावळीत भाकरी थापताना मनात तेच, आज त्या कोपऱ्यात टाकलं असतं तर. पीठ मळताना पाणी बघितलं की मला तळं दिसायचं. एकदा भाकरी करपली आन् खानावळीच्या मालकीणबाई म्हणाल्या, शालन, तुझं ध्यान कुठं हाय? काय सांगणार, मरळीत हाय म्हणून?

मालक कारणं काढायचं. तुझी सावली पडती. पडू दिली न्हाय. तू पाय आपटतीस. चप्पल काढली. मग एक दिवस म्हणालं, बांगड्या वाजत्यात तुझ्या, काढ त्या. मी काठी खाली ठेवली. म्हणालो, तुमी असताना बांगड्या काढू व्हय मी? एका माशासाठी? मग मालकांनी स्वतःचा रुमाल काढला खिशातनं, डाव्या हातानं माझ्याकडं टाकला, म्हणालं, बांध. मी मनगटाला रुमाल बांधला, बांगड्या आत दाबून. तरी लागली न्हाय. गल्लीत बायका इचारायच्या, काय शालन, आज काय, मरळीचा रस्सा का आमटी? आमटी, मी म्हणायचो, आन् आत यायचो.

इस्माईलभाईला वाईट वाटायचं. देवमाणूस. त्यानं काय केलं, एक दिवस बाजारातनं जिती मरळ घेतली, बादलीत घालून रिक्षाच्या मागं ठेवली, आमाला पत्ता न्हाय. मी पाणी प्यायला झाडाखाली गेलो, मालकांचा डोळा लागलेला, तेवढ्यात त्यानं ती माझ्या गळाला लावली आन् दिली पाण्यात सोडून. मी येऊन काठी उचलतो तर जड! मी वरडलो, लागली, लागली. मालक जागं झालं, खुर्चीतनं उठाय लागलं. मी वढून बांधावर टाकली. मासा चांगला हाताएवढा. मी नाचायचा बाकी होतो. मालकांनी वाकून बघितलं, बोट लावलं, अंगावरचा बुळबुळीतपणा गेल्याला, शेपूट घासल्यालं. गळाकडं बघितलं. मग इस्माईलभाईकडं. म्हणालं, इस्माईल. केवढ्याला घेतलीस?

इस्माईलभाई खाली मान घालून उभा, मला वाटलं, आता हा माणूस परत भिंतीकडं फिरतोय का काय. आन् मालक हसाय लागलं. वाकड्या तोंडानं, एका बाजूनं, डोळ्यातनं पाणी, खुर्ची हलाय लागली. म्हणालं, गळ तरी तोंडात लाव की गाढवा, कल्ल्यात लावलास. मग आमी तिघं बी हसलो, बांधावर बसून, लोकं बघत्यात काय येड लागलंय यांना. ती मरळ इस्माईलभाईच्या घरी शिजली, आमाला त्यांच्या घरनं डबा आला. मालकांनी खाल्ला न्हाय. म्हणालं, विकतची हाय.

पर सगळेच दिवस हसण्याचे न्हाईत. पावसाळा आला, तळं भरलं. मरळीची पिल्लं त्याच दिसांत असत्यात. पाण्यावर तांबडा पुंजका दिसतोय, रुमाल टाकल्यासारखा, ती सगळी बारकी पिल्लं, आन् त्याच्या खाली आई-बाप राखण करत असत्यात. त्या पुंजक्यात बेडकी टाकली की मरळ झडप घालणारच, भूक असो नसो, पिल्लांसाठी. त्यात हुशारी काय बी न्हाय. मालक असं मासं कधी धरायचं न्हाईत आन् दुसऱ्यानं धरला तर त्याच्याशी बोलायचं न्हाईत. पिल्लांवरची मरळ मारली की तासाभरात पिल्लं दुसऱ्या माशांच्या पोटात.

त्या दिवशी तसा पुंजका आमच्या म्होरंच आला, काठीच्या टोकाखाली. मी काठी मागं घेतली. तर मालक म्हणालं, टाक. मला वाटलं ऐकायला चुकलं. परत म्हणालं, टाक. मी म्हणालो, पिल्लं हायत. म्हणालं, दिसत्यात मला, डोळं गेलं न्हाईत माझं. म्हणालो, तुमीच म्हणायचा न्हवं, टाकायचं न्हाय म्हणून. तर मालक म्हणालं, ते माणसाचं झालं, शालन. मी आता कुठं माणूस हाय? माझ्यासाठी बायको चिखलात उभी ऱ्हाती, लोकं हसत्यात, दोस्त विकतचा मासा गळाला लावतोय. टाक आन् संपव एकदाचं. एक मासा घरी ने, मग मी कधी येणार न्हाय.

मी तंगूस गुंडाळलं. बेडकी सोडून दिली. म्हणालो, मी टाकणार न्हाय. तुमाला माणूस वाटत नसंल, मला वाटतंय, आन् मला अजून यायचंय हितं. मालकांनी डाव्या हातानं खुर्चीवर बुक्की मारली, वरडलं, काय वरडलं ते सांगत न्हाय. घरी आलो आन् मालकांनी भिंतीकडं तोंड केलं.

म्होरल्या सुट्टीला मी भाकरी-पिठलं झाकून ठेवलं, काठी घेतली, म्हणालो, चला. न्हाय. चला म्हणतो. न्हाय. मग मी म्हणालो, मी चाललो. आन् गेलो की. सिटी बसमधनं, काठी उभी धरून, कंडक्टर म्हणतोय, मावशी, ते टपाला लागंल. एकटाच बसलो तळ्यावर. खरं सांगतो, कुणासाठी न्हाय, माझ्यासाठी गेलतो. न बोलता बसायला मला बी यायला लागलं होतं. पाण्याकडं बघत बसलं की खानावळीचा धूर डोक्यातनं जायचा. लागलं काय न्हाय.

सांजचं घरी आलो, चूल पेटवली आन् भांड्यांस्नी सांगितल्यासारखं बोलाय लागलो. पूर्वेच्या कोपऱ्यात गवत कुजलंय. मोठी हाय एक तिथं, दोनदा वर आली. बेडकीच्या मागनं आली, पाण्याला बाण निघाला, बाणाच्या टोकासारखी लाट, आन् जवळ येऊन वळली. मालकांची पाठ माझ्याकडं. मी भाकरी थापतोय. जरा वेळानं भिंतीकडनंच आवाज आला, वळली कधी? मी म्हणालो, बेडकी मी वढली तवा. मग म्हणालं, वढायचं न्हाय. थांबवायचं. बेडकी दमल्यागत. मी म्हणालो, बरं. म्हणालं, वारं कुठलं होतं? म्हणालो, इकडं तोंड केल्याबिगर मी वाऱ्याचं सांगणार न्हाय. तेव्हा फिरलं मालक.

आणखी दोन-चार सुट्ट्या मी एकटा गेलो आन् येऊन सांगितलं. मग एकदा बघतो तर मालक सकाळीच टोपी घालून खाटंवर बसल्यालं, इस्माईलला हाक मार म्हणालं.

लागली ती दिवाळीच्या अलीकडं, आन् लागली ती अशी, की सांगण्यासारखं काय न्हाय. ऊन वर आलेलं. मालक आन् इस्माईलभाई कुठल्यातरी जुन्या कुस्तीवरनं भांडत होतं, कोण चीत झाला आन् कोण न्हाय. मी कोपऱ्यात बेडकी नाचवत होतो. पाण्याला बाण निघाला. मी थांबवली. आन् मग पाणी फुटलं, काठी अर्धी पाण्यात गेली. मी वरडलो बी न्हाय. मालकांनी काठीचा आवाज ऐकला, बांबू करकरला तो. खुर्चीतनं उठलं, उठलं म्हंजे पडलं, चिखलात, आन् तसंच सरकत आलं, डाव्या हातानं काठीचा बुडखा धरला. सोडू नकोस, सोडू नकोस, गवतात जाऊ देऊ नकोस. आमी दोघं चिखलात बसून वढतोय, इस्माईलभाई पाण्यात उतरलेलं. भाईर आली तर माझ्या दंडापासनं बोटापर्यंत. मालकांनी हात लावला, अंग बुळबुळीत, डोळं काळं. माझ्याकडं बघितलं. तोंडाला चिखल. म्हणालं, उशीर केलास.

घरी आणली, मीच साफ केली. मरळीत काटं कमी, त्यांना डाव्या हातानं खाता आली. सगळी गल्ली येऊन बघून गेली. मी समोर बसलो, म्हणालो, कशी झालीया? म्हणालं, मीठ कमी हाय. आन् आवाज कसा, तर शेजारची बाई मीठ घेऊन आली. मी तिच्या हातातनं मीठ घेतलं, आत गेलो आन् चुलीपाशी बसून रडलो. रडू नको तर काय करू?

त्याच्या म्होरं मालक बरीच वर्सं होतं. वाचा बरी झाली, हात काय आला न्हाय. मासं लागलं, न्हाय लागलं, दोन्ही चाललं. आता त्यांना जाऊन चार वर्सं झाली. इस्माईलभाईची रिक्षा पोरगा चालवतोय, भाई स्वतः गुडघ्यांपायी घरीच बसलेत. तळ्याच्या एका कडंला प्लॉट पडलेत, मुरूम टाकून निम्मं बुजवलंय. मोबाईलवाली पोरं येत्यात, चकरीच्या काठ्या घेऊन, मला इचारत्यात, आजी, कधीपासनं लागंना झालंय, काय करू? मी म्हणतो, काय करू नको, बस. त्यांना वाटतंय मी चेष्टा करतोय. मला बी ह्या वर्षी काय लागलेलं न्हाय. जातो, बसतो, गुडघं दुखाय लागलं की येतो.

तुमी इचारलंत, लागत नव्हतं तवा एवढी वाट कशी बघितली. मी सांगू? मासा हातात आल्यावर मालक मला काय बोललं ते एवढंच, दोन वाक्यं, उशीर केलास आन् मीठ कमी हाय. रिकामी पिशवी घेऊन आलो त्या दिसांचं बोलणं मातूर माझ्याकडं ढिगानं हाय. शिव्या धरून. आता खोलीत मी एकटा असतो, कुकर बी लावत न्हाय, एका माणसाला कशाला. पर तेवढं बोलणं पुरतंय मला.

चला, लिवून झालं असंल तर हात धुवा. भाकरी गरम हाय, पिठलं हाय, मरळ न्हाय. तुमच्या घरी कोण कोण असतं? असूदेत सगळी. भांडूदेत, वरडूदेत, पर बोलत ऱ्हाऊदेत. जेवा.